बॅनर, बाण आणि नेत्राचा फोटो

देवळातल्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, "माझ्या मुलीच्या सत्काराचा बॅनर मी स्वतः करणार. माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की खाली बसावं, एवढं कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला हवं. पण मी पुढे म्हणालो, "फ्लेक्सवाल्याने फक्त छापायचा. बाकी सगळं या हातांनी." आणि दोन्ही हात वर करून दाखवले. मोकलांच्या घरात जन्मलेला माणूस एकदा असा बोलला, की मग मागे फिरायची सोय राहत नाही.

सत्कार कशाचा ते आधी सांगतो, कारण ते सांगताना मला फार बरं वाटतं. माझी नेत्रा सारंग झाली. सारंग म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू ज्याच्या हातात तो. मांडव्याहून गेटवेला प्रवासी बोटी जातात ना, त्यातली एक आता माझी मुलगी चालवते. आमच्या पंचक्रोशीतली पहिली मुलगी! आमच्या घरापर्यंत बोटीचा भोंगा ऐकू येतो. भोंगा झाला की मी हातातला कप खाली ठेवतो आणि नलूला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगतो, "निघाली." पुष्कळदा ती बोट भलत्याचीच असते. नलू तसं सांगते. मी लक्ष देत नाही.

तर गावकीने ठरवलं, दिवाळीच्या पाडव्याला देवळासमोर सत्कार. दसरा नुकताच झाला होता, म्हणजे वेळ भरपूर होता. मी कॉम्प्युटर उघडला, नेत्राचा पांढऱ्या युनिफॉर्ममधला फोटो घेतला, मागे निळा समुद्र आणि त्यावर एक बोट टाकली आणि फोटो ओढत ओढत मधोमध आणायला लागलो. अर्ध्या वाटेत बाण थांबला. मी माउस इकडे फिरवला, तिकडे फिरवला, टेबलावरून पार कडेपर्यंत नेला. बाण ढिम्म. वैतागून माउसला हिसडा दिला आणि त्याच क्षणी तो सुरू झाला. नेत्रा बॅनरच्या कोपऱ्यात जाऊन आडवी पडली.

म्हटलं, असेल काहीतरी. पुन्हा ओढलं. छान आलं. तिसऱ्यांदा पुन्हा थांबलं. कायमचं बंद पडलं असतं तर मी समजून घेतलं असतं. बंद पडलेल्या वस्तूंबरोबर मी नोकरी केली आहे. पण हा चालता चालता थांबायचा आणि थांबता थांबता चालायचा. घरातलं माणूस रुसावं, पण कशावरून ते सांगू नये, अशातला प्रकार.

आता आमच्याकडच्या बॅनरची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. वरच्या ओळीत मोठी माणसं. मधोमध ज्याचा कार्यक्रम तो. खाली शुभेच्छुक, म्हणजे गॉगल लावलेले, मोबाइल कानाला लावलेले, हात जोडलेले सगळे गाववाले. ज्याने गावात एकदा तरी श्रीफळ वाढवलंय, त्याचा फोटो बॅनरवर हवाच. आणि नुसता हवा असं नाही, कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या शेजारी यात मान असतो. हळदीच्या बॅनरवर चुलत्याचा फोटो मामाच्या खाली गेला म्हणून जेवणावरून उठलेली माणसं मी पाहिली आहेत. पंगतीत ऐन मटण वाढत असताना उठणं म्हणजे किती राग असेल, विचार करा.

बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे फोटोंचा पूर आला. सगळ्यात आधी आले रावजीशेठ, आमचे माजी सरपंच. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या पाठीशीच बैठक मारली.

"मोकल, मना वरती घे. आताच्या सरपंचाच्या वरती."

"घेतो की."

"आनि पोरीच्या जवल घे. आमी तिला पैल्यापासून पाठिंबा दिलेला हाय."

नेत्रा पहिल्यांदा बोटीवर कामाला लागली, दोर ओढायला आणि धक्क्याला बोट बांधायला, तेव्हा याच रावजीशेठनी देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मोकलाच्या पोरीला भाकरी थापता येत न्हाय, ती बोट काय हाकनार?" पायरीवरचे सगळे हसले होते. नेत्रा तिथूनच चालली होती. तिने ऐकलं आणि मान खाली न घालता पुढे गेली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. पण सत्काराच्या वेळी असलं काढायचं नसतं. मी निमूटपणे रावजीशेठना माउसने उचललं आणि वर न्यायला लागलो.

आणि बाण अडकला. रावजीशेठ नेमके समुद्रावर आले होते. मिशीपर्यंत पाण्यात.

"मना बुडवतंस का रं?"

"नाही हो, माउस अडकलाय."

"मंग सरपंचाच्या टायमाला कसा अडकला न्हाय?"

सरपंच खरोखरच एका झटक्यात वर गेले होते. रावजीशेठ उठून गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मोकलाच्या घरी राजकारण चाललंय.

पहिला सल्ला घेऊन शेजारचा काळूराम आला. काळूरामचं घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, आता त्याचे ट्रक आहेत. ट्रकची वायरिंग तो स्वतः करतो, म्हणून वीज या विषयावर त्याचा शब्द गावात अंतिम. त्याने माउसकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीतल्या प्लगकडे बघून तो म्हणाला, "अर्थिंग न्हाय."

"अर्थिंगचा आणि बाणाचा काय संबंध?"

"करंटला जायला वाट पायजे. वाट न्हाय, म्हनून तो तुझ्या माउसमंदी येऊन बसतो. खड्डा खनू, कोलसा टाकू, मीठ टाकू, पट्टी गाडू. मीठ माझ्याकरचा. येकदम जुना, पांढराशुभ्र."

मीठ आपल्या घरचं म्हटल्यावर काळूरामच्या आवाजात असा काही अभिमान आला, की मला नाही म्हणवेना. घरामागे पोफळीच्या बुंध्याशी आम्ही खणायला घेतलं. दोघंही पोट सुटलेले, पण दमाने घेत घेत चांगला कमरेएवढा खड्डा झाला. काळूराम म्हणाला, "अजून जरासा." मी पहार घातली. खण्ण असा आवाज आला आणि माझ्या तोंडावर पाण्याची चिळकांडी उडाली.

"बग," काळूराम म्हणाला, "जमिनीत ओल हाय. अर्थिंगला बेस."

ती ओल ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची होती. पोफळीखालून मुख्य पाइप गेलाय, हे आमच्या वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. पाइप फुटल्यावर मात्र सगळ्यांना आधीपासून माहीत होतं असं निघालं. अर्ध्या गावाचं पाणी गेलं, तेही दिवाळीच्या तोंडावर, घराघरात भांडी घासायला काढलेली असताना. बायका कळश्या घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि नलूला विचारायला लागल्या, "काय गो, काय झाला?" नलू त्यांना म्हणाली, "आमच्या ह्यांचा बान अडकलाय." एवढंच म्हणाली. पण ज्या स्वरात म्हणाली, तो माझ्या जिव्हारी लागला.

मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक पोरगेला, सभ्य होता. त्याने विचारलं, "पाइप फुटण्याचं कारण?"

"कॉम्प्युटरवरचा बाण अडकतो."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, मी पाइपाबद्दल विचारतोय."

"मीही पाइपाबद्दलच सांगतोय."

मग मी त्याला सगळं क्रमाने सांगितलं. टाइम ऑफिसची शिस्त आहे, मधला टप्पा गाळत नाही. त्याने पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाला, की रस्त्याचं काम, झाडाचं मूळ आणि वाहनाचा धक्का एवढ्याच कारणांना दुरुस्ती लगेच मंजूर होते. यातलं कुठलं लिहू, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मी खोटं सांगणार नाही. तो म्हणाला, मग वरून मंजुरी येईपर्यंत पाणी येणार नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नलू रिकामी कळशी कमरेवर घेऊन आमच्याच दिशेने येत होती. मी म्हणालो, "झाडाचं मूळ घ्या. पोफळ होतीच तिथे."

पाणी आलं, अर्थिंग झालं, आणि बाण पहिल्यासारखाच अडकत राहिला. काळूराम म्हणाला, "मीठ मुरायला टाइम लागतो."

यानंतर मी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. बरीच वाट बघितल्यावर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, कॉम्प्युटर बंद करून चालू केलात का?" मी म्हणालो, "बाई, मी गावाचं पाणी बंद करून चालू केलं." ती म्हणाली, "धन्यवाद सर, तुमची तक्रार नोंदवली आहे," आणि फोन कट.

शेवटी अलिबागला हितेशभाईंकडे जायचं ठरलं. हितेशभाईंचं दुकान म्हणजे पुढे कॉम्प्युटर, मागे फ्लेक्स छपाई. मी सीपीयू बेडशीटमध्ये गुंडाळला आणि मिनिडोर रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक मावशी बोंबलांची पाटी घेऊन होत्या. त्यांनी विचारलं, "बाल कितीचा झाला?" मी बेडशीट बाजूला करून दाखवलं. पुढचा सगळा रस्ता त्या माझ्यापासून जरा दूर सरकून बसल्या.

हितेशभाईंनी सीपीयू जोडला, त्यांच्या टेबलावरचा माउस हातात घेतला आणि बाण असा पळवला, की बघत राहावं. "साहेब, एकदम मस्त छे. काय प्रॉब्लेम नै."

"पण घरी अडकतो हो."

"ते माउसमुळे असेल. नवा देऊ? आणि साहेब, हे बॅनरचं टेन्शन तुम्ही कशाला घेता? पोरीचा फोटो आणि पब्लिकचे फोटो माझ्याकडे पाठवा. मी दोन मिनिटात बसवून देतो."

मी ताडकन उठलो. त्यात दोन अपमान होते. पहिला माउसचा. तो माउस नेत्राने पहिल्या पगारातून आणून दिलाय. दोर ओढून हाताला फोड आलेले असताना त्याच हातांनी तिने तो डबा माझ्यासमोर ठेवला होता. तो काढून दुसरा लावू? दुसरा अपमान बॅनरचा. माझ्या मुलीचा बॅनर कोणीतरी दोन मिनिटांत बसवून देणार? मी म्हणालो, "हितेशभाई, फाइल पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत येईल. तुम्ही फक्त छापा." सीपीयू पुन्हा बेडशीटमध्ये गुंडाळला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. घरी आल्यावर लक्षात आलं, की दुखणाऱ्या माउसला घरी ठेवून मी धडधाकट सीपीयूला डॉक्टरकडे फिरवून आणलं. हे मी कोणाला बोललो नाही. नलूने आल्या आल्या ते स्वतःच ओळखलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी बॅनरला बसलो. एक माणूस वर न्यायचा की दोन खाली पडायचे. ज्यांना खाली ठेवायचं ते नेत्राच्या टोपीवर जाऊन बसायचे. काळूरामचा फोटो बोटीच्या पंख्याला अडकला होता. रावजीशेठ अजून समुद्रातच होते. संध्याकाळ जवळ येत चालली, हितेशभाईंचे फोन यायला लागले आणि देवळात वर केलेले माझे दोन्ही हात मला दिसायला लागले. मला रडू आलं. हो, आलं! नेत्राच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि बापाने बोलून दाखवलेलं त्याला निभावता येत नाही. मी माउस टेबलावर आपटला.

नलू करंज्या तळत होती, तशीच पिठाच्या हातांनी आली. "काय मोरता काय त्याला? दी हिकडं." तिने माउस उचलला आणि कानाजवळ नेऊन हलवला, नारळात पाणी आहे का बघतात तसा. "अवो, ह्याच्यात काय तरी वाजतंय."

"माउसमध्ये वाजण्यासारखं काही नसतं."

"मंग तुमच्या डोक्यात वाजत असंल." तिने तो उलटा केला, खालच्या लाल दिव्याच्या भोकावर दोन टपल्या मारल्या, आणि तिच्या पिठाळ तळहातावर टप्पकन काहीतरी पडलं. तांदळाची कणी. कुंकवाने लाल झालेली.

ती अक्षता होती, माझ्याच हातची. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा मी केली होती. कोयता, पहार, स्कूटर, कॉम्प्युटर आणि माउस. माउसची पूजा करताना नलू म्हणाली होती, वरूनच हळदकुंकू लावा. मी म्हटलं होतं, देव असो की अवजार, पूजा पायांची करतात. म्हणून मी तो उताणा करून खालून कुंकू लावलं होतं आणि मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. त्यातली एक दिव्याच्या भोकात जाऊन राहिली होती. आडवी पडली की बाण चालायचा, उभी राहिली की थांबायचा. आता लोक मला यात दोष देतील. पण माझी पूजा शास्त्राला धरून होती. भोक कंपनीने ठेवलं, मी नाही.

"आता बगा चालतोय का," नलू म्हणाली.

चालला! काय चालला म्हणून सांगू! नुसतं बोट लावलं की हवं तिथे जाऊन उभा. मी भराभर रावजीशेठना पाण्यातून काढून वर नेलं. काळूरामला पंख्यातून सोडवून शुभेच्छुकांत बसवलं. सरपंच, उपसरपंच, मंडळाचे अध्यक्ष, देवळाचे पुजारी, सगळे ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. कोपऱ्यात मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढलेला माझा सफारीतला फोटो. बॅनर पूर्ण झाला. मी खुर्ची मागे घेतली आणि अभिमानाने बघायला लागलो.

बघत राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं, की त्या सगळ्या गर्दीत नेत्रा दिसतच नाही. एवढ्या तोंडांमध्ये तिचं तोंड बोराएवढं झालं होतं. वर रावजीशेठ हसत होते. खाली पायरीवरचे ते सगळे, एकूण एक, हात जोडून हसत होते.

"काय झाला?" नलूने विचारलं.

मी रावजीशेठवर बाण नेला, त्यांना उचललं आणि बॅनरच्या बाहेर नेऊन सोडलं. मी सरपंचांना नेलं. अध्यक्षांना नेलं. गॉगलवाले, मोबाइलवाले, सगळे एकेक करून बाहेर. काळूरामला नेताना जरा जड गेलं, त्याने घरचं मीठ दिलं होतं. पण त्यालाही नेलं. बाण एकदाही अडकला नाही. मग मी नेत्राला वाढवलं, वाढवत गेलो, ती पार समुद्रभर झाली. खाली फक्त नाव: सारंग नेत्रा मोकल.

कोपऱ्यात मी उरलो होतो, सफारीत. फोटो खरंच चांगला आला होता.

"तुमी ऱ्हावा," नलू म्हणाली. "बाप हाव तिचे."

मी बाण स्वतःवर नेला. मग मलाही उचललं आणि बाहेर नेऊन सोडलं. फाइल हितेशभाईंना धाडली.

पाडव्याला देवळासमोर बॅनर उभा राहिला, तेव्हा वाजंत्री मध्येच थांबली. आमच्या भागात असा बॅनर कोणी पाहिलेला नव्हता. एकच माणूस! लोक जवळ जाऊन स्वतःला शोधायला लागले. काहींनी मागच्या बाजूलाही बघितलं. रावजीशेठ काठी आपटत माझ्याकडे आले.

"मोकल, माझा फोटो?"

मी चेहरा पाडून म्हणालो, "काय सांगू शेठ, ऐन वेळेला माउस अडकला. नेत्रा कशीबशी बसली, आणि बाण जो थांबला तो थांबलाच."

रावजीशेठना ते पटलं नसतं, पण काळूराम पुढे आला. "व्हय शेठ, अडकतो त्यो. मी सोता अर्थिंग केला, तरी अडकतो." कळशीवाल्या बायका म्हणाल्या, "अडकतो म्हंजे! आमचा पानी बंद झालेला त्याच्यापायी." ग्रामसेवकाने मान डोलावली. सगळ्या गावाने माझ्या माउसची साक्ष दिली. रावजीशेठ बॅनरकडे बघत म्हणाले, "मना बुडवताना मीच बगितला व्हता." आणि त्यांनीच पुढे होऊन नेत्राच्या हातात श्रीफळ दिलं, शाल घातली. टाळ्या पडल्या. या खेपेला मी बसून राहिलो, कारण उभा राहिलो असतो तर रडलो असतो.

घरी आल्यावर नेत्रा मोबाइलमधले सत्काराचे फोटो मोठे करून बघायला कॉम्प्युटरवर बसली. माउस फिरवला, फिरवला, आणि थांबली.

"पप्पा, हा कुठे अडकतोय?"

मी करंजी तोंडात घातली.

"मम्मी, हा अडकत नाय!"

"कालपासून न्हाय अडकत," नलू आतून म्हणाली. तिला एकही गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

नेत्रा माझ्याकडे वळली. आधी तिला काही समजेना. मग समजलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता शालीच्या टोकाने तिने डोळे पुसले.

"सगळ्यांना काढलंत ते ठीक. पण तुमचा फोटो तरी ठेवायचा होता."

"मी कशाला?" मी म्हणालो. "बोट तू चालवतेस."